वऱ्हाडातले रिकामे सर्व्हर बंद कोण करणार?

डेटा सेंटर म्हटले की ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात आणि हा विषय आपला नव्हे, असे अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला वाटते. त्या मोठ्या केंद्रांच्या वीजखपतीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. गावोगावच्या लहान सर्व्हर खोल्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. महाविद्यालय, नागरी बँक, पतसंस्था, मोठे रुग्णालय, सरकारी कार्यालय यांच्याकडे बहुधा एक कुलूपबंद खोली असते. तीत दोन-चार सर्व्हर, यूपीएस, बॅटऱ्या आणि रात्रंदिवस चालणारा एसी. विजेची मोठी उधळपट्टी या खोल्यांत होते, असे माझे मत आहे. त्यांतली कामे मोजक्या, दणकट आणि सामायिक यंत्रांवर आणायला हवीत आणि काम हलले की जुनी यंत्रे खरोखर बंद व्हायला हवीत. आपल्याकडे पहिली गोष्ट अधूनमधून होते, दुसरी राहून जाते.

सर्व्हर रिकामा बसला तरी वीज खातच असतो. गूगलचे अभियंते लुईझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी 2007 साली दाखवून दिले की, बहुतेक सर्व्हर बराच काळ क्षमतेच्या 10 ते 50 टक्केच काम करतात. आणि काहीही काम नसलेले यंत्र पूर्ण भाराच्या निम्मी वीज ओढते. म्हणजे दहा संस्थांचे दहा सर्व्हर दहा-दहा टक्के चालत असतील तर तेच काम एक-दोन यंत्रांत मावते. मेनफ्रेम या जुन्या जातीच्या महायंत्राची सगळी रचनाच अशा वाटणीसाठी आहे: असंख्य कामे एकाच पेटीत, एकमेकांना धक्का न लावता. आयबीएमने 2007 मध्ये आपले 3,900 सर्व्हर सुमारे 30 मेनफ्रेमवर आणायचे जाहीर केले आणि त्यातून 80 टक्के वीज वाचेल असे सांगितले. विकणाऱ्याचाच हा हिशोब, तेव्हा तो थोडा कमी धरूनच घ्यावा. पण दिशा चुकीची नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात 2020 साली आलेल्या एरिक मसानेट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, 2010 ते 2018 या काळात जगभरच्या डेटा सेंटरांतले काम 550 टक्क्यांनी वाढले, वीज मात्र अवघी 6 टक्क्यांनी. यंत्रे सुधारली हे एक कारण. एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणे आणि लहान खोल्यांतून मोठ्या केंद्रांत जाणे ही आणखी दोन.

आता हाच हिशोब वऱ्हाडात मांडून पाहू. 300 वॉटचा एक सर्व्हर वर्षभर चालला की 2,628 युनिट होतात. एसी आणि यूपीएस धरले तर आकडा सहज चार हजारांवर जातो. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या अकोल्यात तर थंडाव्याचा खर्च अधिकच. आपल्याकडे ही वीज मुख्यतः कोळशाची, आणि कोळशाच्या विजेला पाणी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना घातलेली मर्यादा आहे दर युनिटला साडेतीन लिटर. त्या दराने एका सर्व्हरमागे वर्षाला 14 हजार लिटर पाणी. अकोल्यात वापरलेला युनिट पारसच्या औष्णिक केंद्राचाच असतो असे नाही, ग्रीड सगळ्यांचे एकच आहे. पण पारसचे 500 मेगावॉट आणि नांदगावपेठचे 1,350 मेगावॉट याच मुलखात उभे आहेत. नांदगावपेठच्या प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून सिंचनाच्या हक्कासाठी झालेले आंदोलन अमरावती विसरलेली नाही. ज्या शहराच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या शहराने तरी रिकाम्या यंत्राचा युनिट स्वस्त समजू नये.

यावर तलाठी कार्यालयात किंवा रेशन दुकानात रांग लावलेला कोणीही विचारील: सगळे एका ठिकाणी नेले आणि ‘सर्व्हर डाऊन’ झाला तर? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार अडकले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच अधिक. मात्र यातून निघणारा धडा एकत्रीकरण नको असा नाही. एकाच जागेवर विसंबू नका, असा आहे. दोन वेगळ्या शहरांत दोन यंत्रणा आणि संपर्क तुटला तरी नोंद स्थानिक पातळीवर घेण्याची सोय, एवढे हवेच. कॉलेजच्या खोलीतला एकटा सर्व्हर तरी कुठे सुरक्षित असतो? रात्री त्याची डिस्क गेली तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो. भार एकदम येण्याचा प्रश्नही खरा आहे. पीक विम्याची मुदत आणि खरीप कर्जवाटप एकाच हंगामात येतात; ही दोन कामे एका यंत्रावर लादणे शहाणपणाचे नाही. विद्यापीठाचे निकाल, महापालिकेचा मार्चमधला मालमत्ता कर आणि बँकेचे रोजचे व्यवहार यांची जोडणी मात्र छान जमेल.

मेनफ्रेम महाग, त्याची माणसे दुर्मिळ, आणि एकदा घेतला की त्याच कंपनीशी गाठ, हेही खरेच. म्हणून अकोल्यातल्या बँकेने मेनफ्रेम विकत घ्यावा, असे मी म्हणत नाही. तत्त्व तेवढे घ्यावे. साध्या यंत्रांवरही ते राबवता येते. सरकारी कार्यालयांसाठी ‘मेघराज’ हा केंद्राचा क्लाऊड 2014 पासून आहे. केंद्राने जून 2022 मध्ये 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपये मंजूर केले तेही एका सामायिक सॉफ्टवेअरच्या अटीवर. वाचलेली क्षमता नवी कामे गिळून टाकतील, असा एक आक्षेप उरतो. तो मान्य करायलाच हवा: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांना 415 अब्ज युनिट लागले, आणि 2030 पर्यंत ते 945 अब्ज होतील. पण मागणी वाढतेच आहे म्हणून रिकामी यंत्रे चालू ठेवायची, यात तर्क कोणता?

खरी अडचण तंत्राची नाहीच. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांना 2015 च्या पाहणीत आढळले की, तपासलेल्या सर्व्हरांपैकी 30 टक्क्यांनी सहा महिन्यांत काहीच उपयोगी काम केले नव्हते. आपल्याकडे अशा यंत्राला डेडस्टॉक रजिस्टरही जिवंत ठेवते. निर्लेखनाचा प्रस्ताव समितीपुढे जात नाही, बटण बंद केले आणि काही अडले तर जबाबदार कोण, म्हणून ते तसेच चालू राहते. वीजबिल लेखा विभाग भरतो, त्यामुळे संगणक विभागाला त्याची झळ नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, दोन्ही महापालिका आणि दोन्ही जिल्हा बँका यांनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी तीन गोष्टी जाहीर कराव्यात: आपल्याकडे सर्व्हर किती, प्रत्येकाचा सरासरी वापर किती, आणि कोणता कोणत्या तारखेला बंद होणार. सर्व्हर खोलीला वेगळे मीटर बसवायला काही हजार रुपये पुरतात. ती यादी येईपर्यंत नव्या सर्व्हरच्या एकाही निविदेला मंजुरी देऊ नये.