आईचे आसन



बँकेच्या नोकरीतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि घड्याळ दिले. करवत कोणी दिली नाही. ती मी पुढे स्वतः विकत आणली. ज्या हातांनी पस्तीस वर्षे केवळ खतावण्या तपासल्या आणि सह्या केल्या, त्यांनी साठीनंतर लाकूड हाती धरावे, हे घरातील कोणालाच रुचले नव्हते. आपल्या व्यापारी घरांतून हिशेब, पारख आणि बोलणे यांचे शिक्षण लहानपणापासून मिळते. हाताने वस्तू घडविण्याचे मात्र क्वचितच मिळते. खिळा ठोकायचा झाला तरी आपण मिस्त्रीला बोलावतो.

निमित्त झाले ते आईचे. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवर बसून सामायिक करणे अशक्य झाले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिचे मन रमेना. बाजारातील स्टुले एक तर फार उंच, नाही तर हलकी. त्याच सुमारास गावाकडील आमच्या जुन्या वाड्याची एक बाजू उतरविली गेली आणि सागवानी चौकटी व फळ्या अंगणात येऊन पडल्या. आईसाठी आसन आपणच करावे, असे मी ठरविले.

पहिले आसन मी भर पावसाळ्यात, चार दिवसांत केले. ते दिसायला देखणे होते. पण आई त्यावर बसू लागली तोच एका अंगाला कलले. तिने खांब धरला म्हणून अनर्थ टळला. मी घाईने एक पाय किंचित कापला, तर ते दुसऱ्या अंगाला डुलू लागले. मग दुसरा कापला, मग तिसरा. आई शांतपणे म्हणाली, “अरे, स्टूल करायला बसलास, आता पाट करून उठणार की काय?” सारे हसले, मीही हसलो. पण पुढे कित्येक दिवस ती त्या आसनाजवळून जाताना भिंतीचा आधार घेत असे. ते पाहून मला जी बोचणी लागली, ती कोणत्याही हिशेब तपासनिसाच्या शेऱ्याने कधी लागली नव्हती.

उन्हाळ्यात भर पडली. वरच्या फळ्या मी एकमेकींना घट्ट भिडवून, सरस लावून, चारी बाजूंनी जखडून टाकल्या होत्या. आपल्या बीड जिल्ह्यातील वैशाखाचे ऊन सर्वांच्या परिचयाचे आहे. एके दुपारी मोठा आवाज झाला आणि मधली फळी उभी तडकली.

अखेर मी आमच्या घराण्याच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आसन उलटे केले, दोरीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतले, मग दुसऱ्या जोडीचे घेतले. दोहोंत तब्बल पाच सुतांचा फरक! (आठ सूत म्हणजे एक इंच.) ते म्हणाले, “साहेब, पाय चुकले नाहीत, सांगाडा चुकला. पाय कापून वाकडेपणा जात नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. ताळेबंद जुळत नसेल तर शेवटचा आकडा खोडून उपयोग नसतो. मूळ नोंद शोधावी लागते. हे मी जन्मभर इतरांना सांगितले आणि लाकडाच्या बाबतीत नेमके विसरलो. दोन्ही कर्ण समान असणे हाच चौकोनी सांगाड्याचा ताळेबंद होय.

फळी का तडकली, तेही त्यांच्याकडून समजले. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. हा फरक लांबीत जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र चांगलाच असतो. म्हणून रुंद फळी चहूकडून जखडू नये; अरुंद पट्ट्या थोडी फट सोडून बसवाव्यात.

दुसरे आसन मी मिस्त्रींच्या देखरेखीखाली, पण स्वतःच्या हातांनी केले. नवशिक्यालाही जमावे म्हणून त्याची रीत येथे देतो.

बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या वळणापासून जमिनीपर्यंतची उंची प्रथम मोजावी. आईची १५ इंच भरली. वरची पट्टी १ इंच जाड, म्हणून पाय १४ इंचांचे. पाय २ इंच चौरस. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या ३ इंच रुंद व १ इंच जाड. जमिनीपासून ४ इंचांवर आणखी एक आडवी पट्टी चोहोबाजूंनी द्यावी. तिच्यामुळे पाय फाकत नाहीत. बैठकीसाठी १८ इंच लांब व ३ इंच रुंद अशा पाच पट्ट्या, प्रत्येक दोहोंमध्ये एक सूत फट. खोली साडेपंधरा इंच होते.

प्रत्येक खूण गुण्या लावून करावी. कापताना करवतीच्या पात्याएवढे लाकूड भुशात जाते. म्हणून रेघेच्या बाहेरील अंगाने कापावे. स्क्रू पिळण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, अन्यथा टोकाजवळचे लाकूड चिरते. एकाच पायात दोन दिशांनी येणारे स्क्रू वर-खाली ठेवावेत, म्हणजे आत एकमेकांवर आदळत नाहीत. सरस ओला असतानाच कर्ण मोजावेत. तेव्हा सांगाडा हाताने दाबून सरळ करता येतो, वाळल्यावर नाही. पटाशी चालविताना तिच्यापुढे दुसरा हात कधीही ठेवू नये.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्यावाचून पुढे जात नसे. येथे तपासनीस म्हणून मी सौभाग्यवतींची नेमणूक केली. तिने दोन मापे चुकलेली दाखविली आणि दोन पाय वाचले.

लाकूड निवडतानाही आपल्या घरांत एक विवेक हवा. फळीवर बारीक भोके असतील आणि ठोकल्यावर ताजा, पिठासारखा भुसा गळत असेल, तर आत जीव आहेत असे समजावे. असे लाकूड कापूही नये, त्यावर विषही ओतू नये. बाजूला ठेवून दुसरे घ्यावे. जुने, चांगले वाळलेले लाकूड वापरल्यास नवे झाडही तुटत नाही.

हातकामाला कमी लेखण्याची आपली सवय जुनी आहे. तिला उत्तरही जुनेच आहे. १९१० साली जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर बॅरिस्टर गांधी आणि वास्तुविशारद कॅलनबाख यांनी सुतारकाम चालविले. तेथे लागणारी बाकांपासून पेट्यांपर्यंतची सामग्री आश्रमवासीयांनीच घडविली. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामाचा समावेश केला. मापात चूक झाली तर वस्तूच ती बोलून दाखविते. मुलांसाठी इतका निःपक्ष गुरू दुसरा कोणता?

मलाही या कामाने एक गोष्ट शिकविली. मिस्त्रींच्या मजुरीत घासाघीस करणारा मी, आता त्यांनी सांगितलेली रक्कम न बोलता देतो. एका सरळ कापामागे किती वर्षे असतात, हे हाताला फोड आल्यावाचून कळत नाही.

आसन तयार झाल्यावर ते मी आईपुढे ठेवले. तिने आधी हाताने दाबून पाहिले, चारही कोपऱ्यांवर. मग हळूच बसली. मुहपत्ती, माळ, सामायिक सुरू झाले. मी दाराशी उभा राहून पायांकडेच पाहत होतो. पूर्ण ४८ मिनिटे झाली. ती उठली आणि भिंतीला हात न लावता आत गेली.

पहिले आसन मी टाकून दिलेले नाही. ते माझ्या कामाच्या खोलीत आहे, तडकलेल्या फळीसकट. त्यावर बसूनच हा लेख लिहिला. अजूनही ते डुलते.