जीर्णतेचे रसिक

आमच्या रसिकांना अलीकडे पडक्या वस्तूंचे फार प्रेम आले आहे. रंग उडालेले दार, गंजलेला कडीकोयंडा, वाळवीने पोखरलेली तुळई, ओट्याच्या फटीतून उगवलेला पिंपळ यांचे फोटो काढावेत, ते काचेच्या चौकटीत बसवावेत, खाली 'काळाची पावले' असे काहीतरी लिहावे आणि चहा घेता घेता हळहळावे, हा आता एक शिष्टसंमत छंद होऊन बसला आहे. या छंदाविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. मीही त्याच मंडळींपैकी एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. चोराने चोरीविरुद्ध व्याख्यान द्यावे असा हा प्रकार आहे खरा. पण चोराला निदान चोरीची माहिती तरी असते.

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी वसलेले गाव. खानदेशातून बालाघाटाकडे चढणाऱ्या वाटेवर असल्यामुळे फौजांचे पाय त्याला वारंवार लागले. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखानाचा येथेच पराभव केला. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या लढाईत जमालखान याच परिसरात पडला. खुदावंतखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद गावात आहे, आणि तिचे फोटो काढावेत म्हणून मी गेलो होतो. मलकापूरला माझी सारी नोकरी मास्तरकीत गेली; निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा घेऊन दिला, आणि मी कलावंत झालो.

मशिदीकडे जाताना वाटेत एक किराणा दुकान लागले. दगडी जोते, त्यावर कमरेइतका ओटा, सागवानाची काळवंडलेली चौकट, आणि दुकान बंद करण्यासाठी उंबऱ्याच्या खाचेतून एकामागून एक सरकवायच्या उभ्या फळ्या. प्रत्येक फळीवर सुताराने आकडा कोरला होता, कारण तिसरी फळी चौथीच्या जागी बसत नाही. कधीकाळी दिलेला निळा रंग उन्हाने पिऊन टाकला होता आणि लाकडाच्या शिरा वर आल्या होत्या. मी मशीद विसरलो.

दुकानदार ओट्यावर बसला होता. ओळख पटल्यावर म्हणाला, "गुरुजी, येवढं काय पाहून राह्यले?"

"भाऊ, तुमचं दार फार सुंदर आहे. हे बदलू नका बरं."

"दार चांगलं हाय, पन पावसायात पानी आत येते. वायवी लागली. खालून उंदरं येतात. औंदा शटर बसवाव म्हनतो."

"शटर बसवलंत तर सगळी शोभा जाईल!"

"शोभा तुम्ही घेऊन चालले नं, गुरुजी. साखर मले सांभाळा लागते."

मी हसलो. मग त्याला म्हणालो, जरा बाजूला होता का? तो स्वतःच्या दुकानासमोरून उठला आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा मी त्याच्याकडूनच उतरवून घेतल्या. विजेचा मीटर चौकटीबाहेर ठेवला. फोटो उत्तम आला.

पुढे तो एका शहरातल्या प्रदर्शनात लागला. शेजारीच माझ्या एका मित्राचा फोटो होता: फ्रान्समधल्या सार्ला या मध्ययुगीन गावातले असेच एक जुने दुकान, तशीच झिजलेली लाकडी दर्शनी बाजू, तसाच उडालेला रंग. लोक दोन्हींसमोर उभे राहून म्हणत, "काय साम्य आहे! सौंदर्याला देश नसतो." मलाही ते पटले होते. आज मी म्हणतो की हे साम्य निव्वळ कॅमेऱ्याने केलेली लबाडी होती.

फ्रान्सने ४ ऑगस्ट १९६२ रोजी एक कायदा केला. आंद्रे मालरो तेव्हा तिथले सांस्कृतिक मंत्री होते, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एकेकटा राजवाडा किंवा चर्च न राखता जुन्या वस्तीचा सबंध भाग राखायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. सामान्य माणसाचे घर, दुकान, गल्ली सारे त्यात आले. दुरुस्तीसाठी सरकारी पैसा आला, पुढे करातही सवलत आली. या कायद्याखाली डागडुजी झालेल्या पहिल्या गावांत सार्ला होते. मित्राच्या फोटोतले ते दार 'आपोआप' टिकलेले नाही. त्यासाठी कुणीतरी सुताराची मजुरी दिली आहे. तिथे सारे गोड झाले असेही नाही. राखलेल्या वस्त्यांत भाडी चढली आणि पुष्कळ जुन्या रहिवाशांना उठावे लागले, हे मला ठाऊक आहे. पण निदान तिथे सौंदर्याचे बिल कुणाच्या तरी टेबलावर ठेवले गेले.

आमच्याकडे काय आहे? १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. वास्तूला किमान शंभर वर्षे झालेली हवीत, आणि ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरायला हवी. २०१० च्या दुरुस्तीने अशा संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट घातली. स्मारकासाठी हे योग्यच आहे. पण या कायद्याला शेजाऱ्याला 'नाही' म्हणता येते. 'हे घे पैसे, तुझी तुळई दुरुस्त कर' असे म्हणता येत नाही. सरदाराने बांधले ते स्मारक आणि सुताराने बांधले ते लाकूड, अशी आमची वाटणी आहे.

प्रदर्शनातली उरलेली गोष्ट अजून सांगायची आहे. एका गृहस्थांनी माझ्या फोटोची तोंड भरून स्तुती केली आणि हे दुकान नेमके कुठे म्हणून विचारले. मी त्यांच्याच कार्डाच्या पाठीवर गावाचे नाव आणि दुकानाची खूण मोठ्या अभिमानाने लिहून दिली. ते जुन्या लाकडाचे व्यापारी होते.

वर्षाने फोटोची एक प्रत घेऊन मी रोहिणखेडला गेलो, तर समोर पन्हाळी पत्र्याचे शटर. चौकट आणि फळ्या ट्रकमध्ये घालून गेल्या होत्या. "हाटेलात लावतात म्हने," दुकानदार म्हणाला. त्याला दुःख नव्हते. त्या पैशात छपराचे पत्रे बदलून झाले होते आणि साखर कोरडी होती. सातवी फळी मात्र व्यापाऱ्याने घेतली नव्हती, कारण तिला वाळवी होती. मी फोटोत मोठ्या कौतुकाने पुढे आणली होती ती हीच फळी. मी त्याला प्रत दिली. त्याने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि विचारले, "याच्यात मी कुठं हाय?"

या प्रश्नाला आमच्या सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही. आमचे रसिक दोन सबबी सांगतात. पहिली अशी की कलावंताचे काम पाहण्याचे, दुरुस्तीचे नव्हे. मान्य. पण मग 'हे बदलू नका' हा उपदेश तरी कशाला? ज्याच्या घरात पाणी गळत नाही त्याने दुसऱ्याच्या गळतीला शोभा म्हणावे आणि ती राखायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकावी, याला रसिकता म्हणत नाहीत. दुसरी सबब अशी की वस्तू गेली तरी फोटोच्या रूपाने नोंद उरते. नोंद कशाला म्हणतात हे पॅरिसच्या युजीन आत्झेकडून शिकावे. १९२७ मध्ये वारलेला हा गरीब फोटोग्राफर तीसएक वर्षे अवजड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन जुने पॅरिस टिपत हिंडला. आपल्या कामाला तो कला म्हणत नसे. कलावंतांसाठी दस्तऐवज म्हणे. दुकानाचे नाव, रस्ता, घराचा क्रमांक तो टिपून ठेवी, आणि ग्रंथालये, संग्रहालये ते फोटो विकत घेत. १९०८ च्या त्याच्या एका फोटोत कॅफेच्या दाराच्या काचेआडून माणसे बाहेर पाहत आहेत. आत्झेने त्यांना बाजूला व्हायला सांगितले नव्हते. माझ्या फोटोत दुकानाचे नाव नाही, मालक नाही, फळ्यांची लांबी-रुंदी नाही, त्या खाचेत कशा बसत तेही नाही. उद्या एखाद्या सुताराला तसे दार करायचे म्हटले तर माझ्या नोंदीचा त्याला काडीचा उपयोग नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जुन्या दारापुढे कॅमेरा उभा करणाऱ्याने आधी दाराच्या मालकाचे नाव विचारावे, त्याला चौकटीत घ्यावे, मापे लिहून घ्यावीत आणि एक प्रत त्याला द्यावी. पत्ता कुणालाही द्यायचा तर मालकाला विचारून द्यावा. आणि ज्यांना ही दारे राहावीत असे खरोखर वाटते, त्यांनी फोटोंची प्रदर्शने भरवण्याआधी ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे, विधानसभेत एकच मागणी लावून धरावी: जुन्या बाजारपेठांतल्या लाकडी दुकानांच्या दुरुस्तीला पैसे द्या. ते मिळाले नाहीत, तर शटर बसवणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.

सातवी फळी त्याने आत मांडणी म्हणून ठोकली आहे. तिच्यावर काडेपेट्या आणि साबण ठेवलेले असतात. गेल्या खेपेला मी तिचा फोटो काढला. तो तिच्याखाली बसला आहे, आणि शाम्पूच्या माळाही आहेत. फोटो काही तितका चांगला आलेला नाही. प्रत त्याने गल्ल्यावर लावली आहे.