आधी मीटर लावा, मग बोर्डाचं बोला

फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाणी तापवत नाही म्हटलं की आमच्या धंद्यातले काही जण न उघडताच ‘बोर्ड गेला’ सांगतात. मला याचा फार राग येतो. प्लग काढा, झाकण उघडा, हीटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॉटचा हीटर साधारण २६ ओहम दाखवतो. काटा हललाच नाही, तर कॉइल तुटलेली. हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यात करंटला वाट मिळत असेल, तर मशीन चालवायचीच नाही, शॉक बसेल. इथे लातुरात बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर चढतो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच. मग तापमानाचा सेन्सर, वायरिंग. बोर्ड शेवटी. रीडिंग गिऱ्हाइकासमोर घ्यावं आणि काढलेला पार्ट त्याच्याच हातात द्यावा.