वजा बिल

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या घरी विजेचं बिल वजा चिन्हासह आलं. भरायचं काही नाही, उलट चार हजारांच्या वर रक्कम आमच्याच खात्यावर जमा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा आणि कूलर रात्रंदिवस फिरत असताना असं बिल येणं म्हणजे नवलच. अम्मीने कागद बघितला आणि म्हणाली, "अल्ला ने दिया तो रख ले, पूछता कायको?"

अम्मीला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आदल्या वर्षी रीडिंग न घेता लावलेल्या सरासरी बिलासाठी आम्ही किती चकरा मारल्या, ते तिच्या गुडघ्यांना आठवत होतं. आणि मी तरी कुठे विचारायला गेलो? मेचं बिलही वजाच आलं, थोडं कमी. तेही मी गुपचूप डब्यात ठेवलं.

आमच्या मोहल्ल्यात हा हिशेब सगळ्यांना पटतो. त्यांनी आपल्याला लुटलं, आता आपल्याकडे चुकून आलं, फिटंफाट झाली. यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला हे पटलं तर त्यात आश्चर्य नाही. पण हा हिशेब चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि ते मला किताबातून नाही, दारात आलेल्या एका माणसाकडून कळलं.

मेअखेरीला तो आला. हातात पावती. पावतीवर नाव माझ्या मरहूम अब्बांचं, कारण मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. बारा आकडी ग्राहक क्रमांकातला एक आकडा दुकानदाराने चुकीचा दाबला होता आणि याने भरलेले पैसे आमच्या खात्यावर पडले होते. पैसे भरलेत, पुढच्या महिन्यात वळते होतील, म्हणून त्याने थकबाकीचं बिल मनावर घेतलं नाही, नोटिशीकडेही लक्ष दिलं नाही. तीन दिवसांपासून त्याच्या घरात वीज नव्हती. घरात दोन लहान मुलं.

म्हणजे मी ज्याला कंपनीचे पैसे समजत होतो, ते कंपनीचे नव्हतेच.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. हे कलम दोन्ही बाजूंना लागू आहे. आपल्याकडे जादा आलेलं आपण परत करायचं, आणि आपण जादा भरलेलं परत मागायचं. वीज कायदा २००३ तर पुढे जातो. कलम ६२(६) प्रमाणे ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल झालेली रक्कम ग्राहकाला बँक दराने व्याजासकट मागता येते. आपल्यातले किती जण व्याज तर सोडाच, मुद्दल तरी लेखी मागतात?

आमचा दोष इथे आहे. आम्ही काउंटरवर भांडतो, आवाज चढवतो आणि घरी येऊन बिल भरतो. कागद करत नाही. कलम ५६ मध्ये सोय आहे: वाद चालू असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरा, निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडायचीच तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. तक्रार निवारण मंच आहे, त्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. वकील लागत नाही, अर्ज लागतो.

उलट बाजूही मान्य केली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर रीडिंग थांबलं, एप्रिल-मेची बिलं हिवाळ्याच्या सरासरीवर निघाली आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा खरा आकडा एकदम अंगावर आला. लोक संतापले. पण त्यातले बरेच युनिट आपणच जाळलेले होते. तक्रार असायला हवी होती ती एकदम वसुलीबद्दल. कमी लागलेलं बिल कायमचं सुटतं, हाही गैरसमज. २०२१ च्या एका निकालात हरियाणातल्या एका उद्योगाला मीटरचा गुणक १० ऐवजी ५ लावला गेला होता. काही वर्षांनी सुमारे १ कोटी ३५ लाखांची मागणी आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कारखानदारांनी आपल्या बिलावरचा गुणक आजच बघावा.

सूरह मुतफ्फिफीन आपण मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यासाठी वाचतो. पण घेताना पुरेपूर आणि देताना कमी, ही सवय तर ग्राहकालाही असू शकते. आणि समोरचा आपल्याशी वाईट वागतो म्हणून त्याची ठेव बुडवायची, असं असतं तर हिजरतच्या रात्री हजरत अलींना मक्क्यात मागे थांबायची गरज नव्हती. ज्यांच्या अमानती परत करायच्या होत्या, त्यांच्याच शहरात पैगंबर साहेबांच्या जिवावर लोक उठले होते. जुम्म्याच्या खुतब्यात हे आपण दर वर्षी ऐकतो. मात्र सूरह बकरामध्ये तंगीतल्या कर्जदाराला मुदत द्यायलाही सांगितलं आहे. चूक दुसऱ्याची असेल तर गरिबाने परतफेड हप्त्यांनी मागण्यात कमीपणा कसला? हा हक्क आहे, आणि तोही लेखीच मागावा.

त्या दिवशी मी त्याला आत बसवलं आणि त्याची पूर्ण थकबाकी माझ्या फोनवरून भरली. नंबर त्याने वाचला, मी दाबला, मग मी वाचला आणि त्याने बिलाशी ताडला. अम्मीने सरबत आणलं आणि त्याला काही न बोलता मुलांसाठी बिस्किटांचा पुडा दिला. जोडणीच्या जादा पैशांवरून मात्र आमचं जमलं नाही. मी म्हणालो, दोन महिने गप्प बसलो, ते मी देतो. तो म्हणाला, नको भाई, ते दुकानदाराने द्यायचे. दुकानदार अजून "उद्या" म्हणतोय.