रूळ आले, पण रस्ता कुणाचा?

कोलकात्याची ट्राम बंद करण्याचा मनोदय पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. मैदानाच्या कडेने एस्प्लनेडपर्यंत जाणारा एक मार्ग तेवढा वारसा म्हणून ठेवायचा आणि बाकीचे मोडीत काढायचे, असे त्या घोषणेचे स्वरूप होते. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०२ पासून विजेवर धावू लागलेली ही गाडी बंगाली लोकजीवनात मुरलेली आहे. भाडे एका पैशाने वाढले म्हणून १९५३ मध्ये तिथे मोठे आंदोलन पेटले होते. कवी जीवनानंद दास यांचा १९५४ मधील मृत्यूही ट्रामच्या धडकेनेच ओढवला. तेव्हा हळहळ समजण्यासारखी आहे. परंतु हळहळ हे काही विश्लेषण नव्हे. जी ट्राम स्वतंत्र भारतात, अगदी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, नव्याने वाढवली गेली ती चाळीस वर्षांच्या आत नकोशी का झाली, हा खरा प्रश्न आहे. आणि मेट्रोचे खांब दारात उभे राहिलेल्या मुंबई-पुणे-नागपूरकरांशी त्याचा थेट संबंध आहे.

शासनाचे उत्तर ठरलेले आहे. कोलकात्यात रस्त्यांनी व्यापलेली जागा शहराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम सहा टक्के. त्यात ट्राम संथ, तिच्यामागे वाहने अडकतात, सबब ट्राम नको. हे उत्तर निखालस खोटे नाही. पण अर्धेच खरे आहे. ट्राममागे मोटारी अडकतात असे म्हणणाऱ्यांनी, ट्राम कुणामागे अडकते, हेही पाहायला हवे.

दोन विस्तारांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. हावड्याकडील ट्राममार्ग १९७१ मध्ये बंद झाले होते. ट्रामचा शेवट आला, असेच वातावरण होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये देशातील पहिली मेट्रो कोलकात्यात सुरू झाली आणि त्यानंतर लगोलग, डाव्या आघाडीच्या राजवटीत, ट्रामचे दोन नवे मार्ग झाले. १९८५ मध्ये मानिकतला ते उल्टाडांगा आणि १९८६ च्या अखेरीस दक्षिणेकडे बेहाला ते जोका. कल्पना चांगलीच होती. उपनगर वाढत होते, डायमंड हार्बर रस्त्यावर गर्दी होती, आणि विजेची गाडी धूर सोडत नाही.

मात्र रूळ टाकणे आणि वाहतूक व्यवस्था उभारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रामच्या शेजारून, त्याच रस्त्याने, खासगी बस आणि मिनीबस धावतच राहिल्या. पुढे ठरावीक मार्गांवर भागीदारीत चालणाऱ्या रिक्षांची भर पडली. कोलकात्यातील खासगी बसच्या चालक-वाहकांची कमाई तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर असते. साहजिकच प्रत्येक थांब्यावर पुढच्या बसला मागे टाकून प्रवासी उचलण्याची शर्यत लागते, आणि या शर्यतीचे मैदान म्हणजे ट्रामचा रूळ. रुळावरून बाजूला होता न येणारी गाडी या शर्यतीत हरणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अधिक मौजेची गोष्ट अशी, की १९९२ मध्ये खुद्द ट्राम कंपनीनेच बसगाड्या घेतल्या आणि चालवायला सुरुवात केली. वस्तुतः एकाच संस्थेकडे दोन्ही आल्यावर तरी कोणत्या रस्त्यावर ट्राम आणि कोणत्या गल्लीतून तिला जोडणारी बस, असा विचार जोमाने पुढे यायला हवा होता. पण बस ही ट्रामची पूरक न होता तिची वारसदार झाली.

दुसरा घाव याहून खोल होता. जुन्या कोलकात्यात अनेक रुंद रस्त्यांच्या मध्यभागी ट्रामला स्वतःची जागा होती. खडीवर टाकलेले रूळ, दोन्ही बाजूंना कठडा किंवा हिरवळ. मोटार तिथे चढूच शकत नसे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या शतकाच्या प्रारंभापर्यंत रूळ काँक्रीटमध्ये बसवण्याची कामे निघाली आणि त्यांबरोबर ही राखीव पट्टी ठिकठिकाणी सर्व वाहनांना खुली करण्यात आली. कारण काय, तर रस्ता रुंद व्हावा! त्यानंतर ट्राम मोटारींच्या रांगेत उभी राहू लागली. प्रवाशाची दैना वेगळीच. पूर्वी तो कठड्याजवळ उभा राहून गाडीत चढे. आता रस्त्याच्या मध्यावर थांबलेल्या ट्रामकडे जाताना त्याला डावीकडून येणाऱ्या बस आणि दुचाकी चुकवाव्या लागतात. साठीच्या गृहस्थाने किंवा कडेवर मूल असलेल्या बाईने हे धाडस रोज का करावे? प्रवासी घटले, म्हणून फेऱ्या घटल्या. फेऱ्या घटल्या म्हणून आणखी प्रवासी घटले. आणि मग प्रवासी नसल्याचे कारण दाखवून मार्ग बंद करणे सोपे झाले. आधी जागा काढून घ्यायची आणि नंतर मंदगतीचा आरोप ठेवायचा, अशी ही रीत आहे.

जोका मार्गाचा शेवट तर मेट्रोनेच केला. सप्टेंबर २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते जोका मेट्रोच्या कामाचा शुभारंभ झाला. २०११ मध्ये त्या कामासाठी ट्राम बंद झाली. मेट्रो केव्हा आली? डिसेंबर २०२२ च्या अखेरीस, तीही जोका ते तारातलापर्यंतच. माझेरहाटपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. मधली अकरा वर्षे तिथल्या माणसाने काय केले? तो बसच्या पायरीवर लटकला, रिक्षात चौथा-पाचवा होऊन बसला, आणि ज्याला परवडले त्याने दुचाकी घेतली. २०१८ मध्ये माझेरहाटचा पूल कोसळला तेव्हा तर दक्षिणेच्या या भागाचे हाल विचारूच नयेत. अकरा वर्षांत लागलेल्या सवयी मेट्रोचे उद्घाटन झाले म्हणून एका दिवसात सुटत नाहीत. सुरुवातीला त्या मार्गावर तासाला एक गाडी होती आणि शनिवार-रविवारी तीही नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो.

हे सारे अटळ होते काय? स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरा येथे, याच काळात ट्रामचा विस्तार झाला. ते शहरही काही आदर्श नव्हे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या १४ किलोमीटरच्या मार्गाचा खर्च ७७ कोटी ६० लाख पौंडांवर गेला, काम वर्षानुवर्षे रखडले आणि शेवटी चौकशी आयोग बसला. रुळांत सायकलीची चाके अडकून अनेक जण जखमी झाले. २०१७ मध्ये एका तरुण विद्यार्थिनीचा जीव गेला. असे असूनही जून २०२३ मध्ये लीथ मार्गे न्यूहेवनपर्यंत सुमारे पावणेपाच किलोमीटरचा पुढचा टप्पा सुरू झाला. या टप्प्यातही दुकानदारांनी खोदाईचे चटके सोसले, आणि सायकलमार्गाच्या एका नागमोडी तुकड्याची तर जगभर थट्टा झाली. परंतु एक गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सोडली नाही. बसकंपनी आणि ट्रामकंपनी दोन्ही सार्वजनिक मालकीच्या, आणि विमानतळाचा अपवाद सोडला तर दोन्हींचे भाडे एकच. बसचा प्रवासी ट्राममध्ये गेला म्हणून बसचे दिवाळे निघाले, असा कांगावा तिथे संभवत नाही. पैसा एकाच घरात राहतो. प्रिन्सेस स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर ट्राम आणि बस असतात, खासगी मोटारींना मज्जाव आहे.

एकच संस्था, एकच तिजोरी ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. मुंबईत ट्राम आणि बस दोन्ही बेस्टच्याच होत्या. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली; दादर टी. टी. या नावातील ट्राम टर्मिनस आजही लोकांच्या तोंडी आहे. मुंबईने ट्राम काढली ते योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. पण काढली त्या दिवशी मुंबईकराला नेणारी बस त्याच संस्थेकडे होती. आज मात्र मुंबईत मेट्रो एकाची, बस दुसऱ्याची, लोकल तिसऱ्याची. एकीकडे मेट्रोचे मार्ग उघडत असताना दुसरीकडे बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मेट्रो स्थानकापासून घरापर्यंत ज्याला बसनेच जायचे आहे त्याच्या दृष्टीने हे दोन निर्णय एकाच महिन्याच्या खर्चात येतात. निर्णय घेणाऱ्यांच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या कार्यालयांतले.

पुण्याने तर कोलकात्याचा दुसरा घाव स्वतःच्या हाताने घालून घेतला. २००६ मध्ये बससाठी राखीव मार्गिका देशात प्रथम आखल्याचा मान मिळवला, त्या मार्गिकांत दुचाकी-मोटारी घुसू दिल्या आणि मग बीआरटी अपयशी ठरली म्हणून ठिकठिकाणी ती उखडली. २०२० मध्ये मेट्रोसाठी विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल पाडला गेला. त्यानंतर गणेशखिंड रस्त्यावर बसमध्ये बसून काढलेला वेळ पुणेकरांनी विसरून जावे, अशी अपेक्षा कुणी करू नये.

मेट्रोला विरोध करण्याचे कारण नाही. मोठ्या शहरांना ती हवीच. परंतु आपापल्या प्रभागात काम करणाऱ्या जागरूक मंडळींनी पुढच्या मार्गाच्या भूमिपूजनाला जाताना दोन कागद मागावेत. काम चालू असेल ती सारी वर्षे बस कोणत्या रस्त्याने जाणार, तिच्यासाठी कोणती मार्गिका राखणार आणि तीत घुसणाऱ्याला दंड कोण करणार, याचा एक. स्थानकाच्या जिन्यापासून बसथांबा किती पावलांवर असेल आणि शेवटच्या गाडीतून उतरणाऱ्याला पुढची बस किती वाजता मिळेल, याचा दुसरा. हे कागद तयार नसतील, तर कोनशिलेची तारीख पुढे ढकलायला सांगावे.