तिला नाव आहे, त्याला नाही



यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतल्या 'कुमारी मातां'चा प्रश्न गेली अनेक वर्षे वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून गाजतो आहे. कोलाम पोडांवरच्या कोवळ्या मुलींना लग्नाचे आमिष दाखवायचे आणि दिवस गेले की पाठ फिरवायची, ही ठेकेदारांची, व्यापाऱ्यांची, बाहेरून कामाला आलेल्या पुरुषांची रीत आता कोणाला नवी नाही. दर वेळी वाद होतो तो आकड्यांचा. कुमारी माता नेमक्या किती? या वादात एक साधी गोष्ट निसटते. या मुलींना आपण नाव दिले आहे. त्यांना या अवस्थेत टाकणाऱ्या पुरुषासाठी आपल्याकडे शब्दच नाही. मोजल्या जातात त्या मुली.

ही नजर केवळ सरकारी नाही, ती शास्त्रातही होती. गुन्हेगारीशास्त्र आधी गुन्हेगाराभोवतीच फिरत असे. १९४० च्या दशकात बेंजामिन मेंडेलसोन आणि हान्स फॉन हेंटिग यांनी पीडित व्यक्तीकडे लक्ष वेधले आणि पीडितशास्त्राचा पाया घातला गेला. पण त्यांचा प्रश्न होता, गुन्ह्यात पीडिताचा वाटा किती? १९७१ मध्ये मेनाकेम अमीर यांनी फिलाडेल्फियाच्या पोलिसांकडील बलात्काराच्या ६४६ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी १९ टक्के प्रकरणे स्त्रीनेच ओढवून घेतली असे ठरवले. दारू घेतली, अनोळखी पुरुषाच्या गाडीत बसली, की ती जबाबदार! स्त्रीवाद्यांनी या मांडणीवर कडाडून टीका केली.

आपल्या विदर्भाला हे परके नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवले. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी धरले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट्याने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. देशभरच्या स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या 'अनैतिक' चारित्र्याचा आधार घेऊन तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम पुराव्याच्या कायद्यातून जायला मात्र २००२ ची दुरुस्ती यावी लागली.

अध्यापन आणि चळवळ एकत्र आल्या की काय घडते, याचे आणखी एक उदाहरण मुंबईत आहे. १९८४ मध्ये टाटा समाज विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसू लागली. घरात मार खाणारी बाई तिथे आली की 'तू काय केलंस' असे न विचारता 'तुला काय हवंय' असे विचारले जाऊ लागले. पुढे हे कक्ष राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोचले.

मग पोडावरच्या मुलीसाठी संशोधकाने कोणता प्रश्न विचारावा? 'कोलाम मुली का फसतात?' हा तर खचितच नव्हे. त्या भोळ्या आहेत, अशिक्षित आहेत, असे म्हणणे वरवर दयाळू वाटते, पण त्यात दोष पुन्हा तिच्याच पदरी पडतो. प्रश्न असे हवेत: हा पुरुष पोडावर आला कोणत्या कामासाठी? मजुरी, उसनवारी कोणाच्या हाती आहे? ज्याच्याकडे काम करायचे त्याच्याच विरुद्ध तक्रार करायची तर उद्याची चूल कशी पेटणार? घरी कोलामी बोलणाऱ्या मुलीचे म्हणणे ठाण्यात कोण समजून घेते? हिंसा रोखायची तर या उत्तरांतून रोखता येईल. शिलाई यंत्र वाटून मुलीचे पुनर्वसन होईलही, पण त्या पुरुषाचे काय?

कायदे आहेत. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तिच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. आरोपी अनुसूचित जाती किंवा जमातीतला नसेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू करता येतो. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही बापाकडून पोटगीचा हक्क आहे. २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे. पण बापाचे नाव कागदावर आल्याशिवाय गुन्ह्याचा तपास आणि पोटगी पुढे सरकणार कशी?

म्हणून आपली मागणी अशी: सर्वेक्षण करायचेच तर त्यात पुरुषाचाही रकाना हवा. मुलीची इच्छा असेल तर डीएनए तपासणीचा खर्च सरकारने करावा. समाजकार्य आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावल्या भरून परतू नये. तक्रारीपासून निकालापर्यंत मुलीसोबत राहावे. आणि कोलामी जाणणारी स्त्री ठाण्यात असावी.

पोडांवर काम करणाऱ्या मैत्रिणींनी आपले अनुभव जरूर कळवावेत. मुलीचे नाव-गाव मात्र लिहू नये. तक्रार कुठे अडली, कोणी अडवली, तेवढे सविस्तर लिहावे.