सूनबाईचं कॅलेंडर

आमच्या गोतावळ्यात दोन वर्षांपासून एक नवाच वाद चालू आहे. पुतण्याच्या मुलाने मदुराईकडची मुलगी केली. मुलगी गुणी आहे, मराठी झपाट्याने शिकते आहे. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी प्रश्न निघाला, सणवार आणि उपास कुठल्या पंचांगाप्रमाणे करायचे? आमच्या जाऊबाईंचं म्हणणं सरळ होतं. "आता ती आपल्या घरची झाली, आपले सण तेच तिचे." दुसरीकडून कुणीतरी म्हणालं, "त्यांचं पंचांगच वेगळं, ते आपल्याला कसं चालणार?" फोनवर येणाऱ्या 'खरं नववर्ष कोणतं' छापाच्या संदेशांनी त्यात भर घातली. मी बाई निवृत्त शिक्षिका. कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगायची सवय जात नाही. म्हणून हे लिहिते आहे, नातेवाईकांनी राग मानू नये.

आधी फरक काय तो पाहू. आपले महिने चंद्राचे. प्रतिपदेला महिना सुरू, अमावास्येला संपला. असे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा कमी. ती तूट भरायला अधिक महिना येतो. तमिळ महिने सूर्याचे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की नवा महिना. त्यामुळे तिथे तूट नाही आणि अधिक महिनाही नाही. २०२३ साली आपल्याकडे श्रावण दोनदा आला, त्यांचा आडि महिना आपला नेहमीसारखा आला आणि गेला. त्यांचं वर्ष चित्तिरै महिन्यात, १४ एप्रिलच्या सुमाराला सुरू होतं. आपण संक्रांतीला सूर्याकडे बघतो, ते वर्षातून बारा वेळा बघतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण याचा अर्थ ते चंद्र मानत नाहीत असा मुळीच नाही. महिना सूर्याचा असला तरी उपासाचा दिवस तिथीने किंवा नक्षत्राने ठरतो. एकादशी तीच, प्रदोष तोच, संकष्टी तीच, शिवरात्रीची रात्रही तीच. संवत्सरांची नावंसुद्धा तीच. २०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, आपलं विश्वावसू संवत्सर सुरू झालं. दोन आठवड्यांनी १४ एप्रिलला त्यांचंही विश्वावसूच सुरू झालं. आपण पाडव्याला कडुलिंबाची पानं गुळाबरोबर खातो, ते कैरी, गूळ आणि कडुलिंबाची फुलं घालून पच्चडी करतात. वर्षाची सुरुवात कडू-गोडाने करावी हे दोघांनाही सुचलं आहे.

खरी गंमत पुढे आहे. आपण सावित्रीचं व्रत ज्येष्ठ पौर्णिमेला करतो, वडाला सूत गुंडाळतो. तमिळ बायकाही सावित्रीचंच व्रत करतात, पण मार्चच्या मध्यावर, मासि महिना संपून पंगुनि लागतो त्या संधीवर. त्याला कारडैयान नोन्बु म्हणतात. तांदळाचं पीठ आणि चवळी घालून केलेल्या अडैचा लोण्याबरोबर नैवेद्य दाखवतात आणि गळ्यात पिवळा दोरा बांधतात. संक्रमणाची वेळ पहाटे आली तर पहाटे उठून. सावित्री एकच आणि सत्यवानही तोच. आता 'आपली' वटपौर्णिमा करायची म्हणून त्या मुलीने तिच्या आजीने शिकवलेली सावित्री सोडायची का?

दुसरं उदाहरण तर आमच्या कोल्हापूरचंच आहे. आषाढाला आम्ही आखाड म्हणतो. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून पोरीबाळी नव्या पाण्याच्या सजवलेल्या घागरी डोक्यावर घेतात, पुढे पी ढबाक वाजत असतं, आणि सगळे टेंबलाईच्या टेकडीवर जातात. आषाढातले मंगळवार आणि शुक्रवार या जत्रेचे. आता त्यांचा आडि महिना बघा. मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे बराचसा आपला आखाडच. मंगळवार-शुक्रवार देवी अम्मनचे. आणि आडिच्या अठराव्या दिवशी, २ किंवा ३ ऑगस्टच्या सुमाराला, कावेरीकाठी जाऊन चढत्या पाण्याची पूजा करायची, तो आडि पेरुक्कु. पाऊस सह्याद्रीवर पडतो. त्याच डोंगरांतून पंचगंगेला पाणी येतं आणि दक्षिणेला कुर्गात उगवलेल्या कावेरीलाही. नवं पाणी दिसलं की दोन्हीकडच्या बायकांना देवी आठवते. हे 'आपलं' आणि ते 'त्यांचं', अशी रेघ नेमकी कुठे मारायची?

तिसरं खंडोबाचं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवसांचं नवरात्र आणि शेवटी चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगा. मुरुगनचे भक्त बरोबर एक चांद्रमास आधी, दिवाळीच्या अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवस उपास करतात. तिरुचेंदूरला त्या षष्ठीला सूरसंहार होतो. २०२५ मध्ये सूरसंहार २७ ऑक्टोबरला होता आणि चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला. दोन्हीकडे देवाने दैत्य मारला म्हणून सहा दिवसांचं व्रत. मी कार्यकारणभाव जोडत नाही, फक्त शेजारी शेजारी ठेवून दाखवते.

फरक आहेतच, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अमावास्या म्हटली की बायका नव्या कामाला हात लावत नाहीत. त्यांच्याकडे तो पितरांचा आणि पुष्कळांच्या मते चांगल्या आरंभाचा दिवस. आपल्याकडे मांसाहार बंद तो श्रावणात, त्यांच्याकडे अनेक घरांत पुरट्टासि महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आणि उपासाच्या पदार्थांचं तर विचारूच नका. तिच्या माहेरी एकादशीला भात वर्ज्य, पण रव्याचा उपमा चालतो. आपल्याकडे उपम्याने उपास मोडतो आणि साबुदाण्याने टिकतो. तो साबुदाणा येतो कुठून? तमिळनाडूतल्या सेलम भागातून! तिथल्या साबुदाणा उत्पादकांची सहकारी संस्था १९८१ पासून आहे. आणि तो ज्या कंदापासून होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला. आमच्या आषाढीची खिचडी शास्त्रात कुठे बसते हे त्यावरून ओळखावं.

"पण बरोबर कोणतं?" हा प्रश्न राहतोच. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो सोडवायला जे जे गेले त्यांना काय उत्तर मिळालं ते पाहण्यासारखं आहे. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिला देशात सुमारे तीस पंचांगं आढळली. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सरकारी राजपत्रावर छापली जाते, पण तिच्यावरून एकादशी धरणारं घर मी पाहिलेलं नाही. तमिळनाडूत २००८ साली करुणानिधी सरकारने कायदा करून नववर्ष तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे पोंगलला नेलं. लोक घरी चित्तिरैच पाळत राहिले. २०११ मध्ये जयललिता सरकारने तो कायदा रद्द केला. आणि आपल्यात तरी एकमत कुठे आहे? टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना कधी वेगळा येतो आणि दिवाळी महिन्याच्या फरकाने होते. त्यांच्यातही वाक्य आणि तिरुक्कणित अशी दोन पंचांगं आहेत. फार लांब कशाला, साऱ्या महाराष्ट्राचा पोळा श्रावण अमावास्येला, आणि आमच्या कोल्हापुरात ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. भिंतीवरचं कॅलेंडर काहीही म्हणो, आमचा बैल आपल्या दिवशीच सजतो. आणि यात कुणाला काही गैर वाटत नाही.

तेव्हा सणाचा दिवस सरकार ठरवू शकलं नाही आणि विद्वानांची समितीही ठरवू शकली नाही. तो ठरवतं घर. घरात ठरवते ती घरातली मोठी बाई. म्हणजे हा अधिकार आमच्यासारख्या सासवांच्या हातात आहे, आणि म्हणूनच जबाबदारीही आमचीच. आजवर आम्ही तो अधिकार एकाच रीतीने वापरला. सून आली की तिच्या माहेरचे दिवस पुसायचे. पलूसची मुलगी कोल्हापुरात आली तरी तेच, आणि मदुराईची आली तरी तेच. फक्त मदुराईच्या मुलीचं पुसलं जाणं जरा जास्त दिसतं इतकंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरात भिंतीवर जे कॅलेंडर असेल त्यावर सुनेच्या माहेरचे चार-पाच दिवस सासूने आपल्या हाताने लिहावेत. सगळे नकोत, तिला जे जवळचे वाटतात तेवढेच. त्या दिवशी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्यावं आणि आपण पाटावर बसून वाढून घ्यावं. दुसरं, दोन पंचांगं म्हणजे उपासही दुप्पट असा हिशेब कुणी करू नये. सावित्रीचं व्रत वर्षातून एकदा पुरे, मार्चमधलं करायचं की जूनमधलं ते तिने ठरवावं. तिसरं, नोकरी करणाऱ्या मुलीला संक्रमणासाठी पहाटे उठवायचं आणि रात्री चंद्रोदयापर्यंत उपाशीही ठेवायचं, हे कुठल्याच देवाला नको असेल.

"असं केलं तर आपलं काय राहील?" असं जाऊबाई विचारतात. त्यांची भीती मला कळते. आमच्या पिढीने खूप काही जाताना पाहिलं आहे. पण जे गेलं ते सुनांनी दुसरं काही आणल्यामुळे गेलं नाही. करणाऱ्याला त्यामागचं कारण कुणी सांगितलं नाही म्हणून गेलं. टेंबलाईला पाणी का न्यायचं हे ज्या पोरीला माहीत आहे ती उद्या चेन्नईत राहिली तरी आखाड विसरणार नाही. आणि उद्या तिची मुलगी आखाड आणि आडि दोन्ही ओळखत असेल, तर ती आपल्यापेक्षा एका शब्दाने श्रीमंत होईल.

असो. लांबलंच. तुमच्या घरी दुसऱ्या मुलखातली सून किंवा जावई असेल तर तुम्ही काय करता, ते जरूर लिहा. आणि जाऊबाई, तुम्हीसुद्धा!